यंत्र आधी विचारतं, स्त्री की पुरुष?

पहाटे ५.३०
तांबरमला उन्हाळा-पावसाळा सारखाच, उठल्याबरोबर घाम. नवऱ्याची वायुदलाच्या तळावर ड्युटी, त्यामुळे दोन डबे भरून मीही लवकर निघते. मी पीएफटी करते, म्हणजे फुप्फुसांची ताकद मोजते. साताऱ्याहून बदलीवर आलो तेव्हा तमिळचा गंध नव्हता. आता दिवसभर तोंडात एकच पाढा: इळुंगा, पिडिंगा, ऊदुंगा. ओढा, धरा, फुंका.

सकाळी ७.४५
तीन लिटरच्या पिचकारीने हवा ढकलून यंत्र तपासायचं. आकडा तीन टक्क्यांहून जास्त हलला तर रुग्णाला हात लावायचा नाही. आज संधिवाताच्या ओपीडीचा दिवस, त्यामुळे यादीत स्क्लेरोडर्माचे रुग्ण जास्त. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था शरीरावरच उलटते. कातडी घट्ट होते आणि पुढे फुप्फुसंही.

८.३०
पहिल्या अक्का सॅनेटोरियम वस्तीजवळच्या एक्स्पोर्ट झोनमध्ये शिवणकाम करतात. एसीत बसलं की बोटं पांढरीफटक, मग निळी, मग लाल. ‘रक्त कमी आहे, दगदग कमी करा’ हेच त्यांनी कित्येक वर्षं ऐकलं. ओठांभोवतीची कातडी इतकी आवळलीय की नळी तोंडात नीट बसत नाही, कडेने हवा निसटते. मी लहान नळी लावते आणि त्यांचे गाल तळव्यांनी दाबून धरते. “ऊदुंगा अक्का, ऊदुंगा!” फुंकर चांगली येते. मग दुसरी चाचणी: कार्बन मोनॉक्साइडचा अंश असलेला वायू ओढून दहा सेकंद धरायचा आणि त्यातला रक्तात किती उतरला ते मोजायचं. इथे मात्र आकडा घसरतो. हवा नीट भरते, पण रक्तात उतरत नाही, म्हणजे फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांवर संशय. डॉक्टर हृदयाचा एको लिहून देतात. आजाराच्या मर्यादित प्रकारात हे पुष्कळदा दिसतं, आणि तो प्रकार बायकांमध्ये जास्त.

१०.१५
पल्लावरमकडच्या खडीक्रशरवर उमेदीची वर्षं घालवलेले अण्णा. तिथला काळसर दगड चार्नोकाइट. त्यात क्वार्ट्झ असतो, दगड फुटला की सिलिकाची धूळ उडते. या धुळीचा आणि स्क्लेरोडर्माचा संबंध जुना आहे. डॉ. एरास्मस यांनी १९५७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणकामगारांत तो नोंदवला. अण्णांच्या हाताची कातडी कोपरापर्यंत चिमटीत येत नाही, बोटांच्या टोकांना जखमा आहेत, शिवाय खोकला. डॉ. चौरी मुत्तू यांनी १९२८ मध्ये इथे क्षयाचं सॅनेटोरियम काढलं, वस्तीला नावच ते पडलं. खोकला म्हटलं की लोकांना आधी टीबीच आठवतो. अण्णांच्या थुंकीची तपासणी पुन्हापुन्हा झाली, बोटांकडे कुणी पाहिलं नाही.
“हा बायकांचा आजार ना, सिस्टर?” ते हळूच विचारतात.

१२.३०
रिपोर्ट. यंत्र प्रत्येकाचं वय, उंची आणि लिंग विचारतं, कारण अपेक्षित आकडा त्यावर ठरतो. दोन लिटर श्वास ठेंगण्या अक्कांना जवळपास पुरेसा, उंच अण्णांना फारच तोकडा. यंत्राचा भेद हिशेबापुरता असतो. माणसं मात्र त्याच भेदावर आजार आहे की नाही ते ठरवून मोकळी होतात.

१.१५
डबा उघडताना आमच्या तरुण डॉक्टरीणबाईंना विचारते, बायकांनाच का? त्या भाताचा घास थांबवून सांगतात. बायकांकडे एक्स गुणसूत्रं दोन. त्यातलं एक बंद असतं, पण त्यावरची काही जनुकं तरी जागी राहतात, आणि त्यांतली काही संरक्षणव्यवस्थेला चेतवणारी. ल्युपस या अशाच दुसऱ्या आजाराच्या दहा रुग्णांत नऊ बायका. ज्या पुरुषांत एक्स जास्तीचं असतं, त्यांनाही ल्युपसचा धोका बायकांइतका चढतो. स्क्लेरोडर्मात एका पुरुषामागे तीन-चार बायका, कुठे त्याहून जास्त. पण गाठतो तेव्हा तो पुरुषाला जास्त छळतो. नऊ हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदींचा एक युरोपीय अभ्यास २०१६ मध्ये आला. पुरुषांत कातडीचा आजार अधिक पसरलेला, बोटांच्या जखमा अधिक आणि मृत्यूही अधिक, असं त्यात निघालं.

३.००
उरलेले रुग्ण दम्याचे. ते भराभर उरकतात.

५.३०
वापरलेल्या नळ्या आणि फिल्टर लाल पिशवीत, यंत्र पुसून बंद. जाताना अण्णांचा रिपोर्ट त्यांच्या बायकोच्या हातात देते आणि दोघांना एकदमच सांगते: क्रशरची धूळ बंद, विडी बंद, आणि दर काही महिन्यांनी फुंकायला यायचं.

तुम्हालाही एक सांगणं. गारव्यात बोटं पांढरी-निळी पडत असतील, कातडी ताणल्यासारखी वाटत असेल किंवा जिना चढताना धाप लागत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना हात दाखवा. बाईने ते घरकामावर ढकलू नये. पुरुषाने तर मुळीच थांबू नये, कारण उशीर त्यालाच जास्त महाग पडतो.