ओंडक्याच्या दारी गिरणी

वादळात उन्मळून पडलेला आंबा वा फणस बहुधा सरपण म्हणूनच संपतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा श्रीवर्धन परिसरातील कित्येक बागा आडव्या झाल्या. वाडीच्या अरुंद वाटेने जड ओंडका आरागिरणीपर्यंत नेणे खर्चाचे. शिवाय पावसात आंब्याच्या लाकडाला बुरशी व कीड लवकर लागते. अशा वेळी गिरणीच ओंडक्याकडे नेता येते.

पेट्रोलवर चालणाऱ्या साखळी करवतीच्या पात्यावर पोलादी चौकट बसविली की ही फिरती गिरणी तयार होते. चौकट व पाते यांतील अंतर फळीच्या जाडीइतके ठेवतात. ओंडक्याची पाठ गोल असल्याने पहिल्या कापासाठी तीवर सरळ फळी किंवा शिडी पक्की बसवून तिच्या आधाराने करवत सरकवितात. पुढे प्रत्येक कापाने झालेला सपाट भागच पुढील कापास आधार देतो. लांबीच्या दिशेने चिरण्यासाठी दात्यांना सुमारे १० अंशांची धार देतात. आडव्या कापासाठी ती ३० अंशांच्या आसपास असते.

या साधनाची मर्यादाही ध्यानी घ्यावयास हवी. साखळी सुमारे ९ मि.मी. रुंदीचे लाकूड खाते. २५ मि.मी. जाडीच्या फळ्या काढल्यास चौथ्या हिश्शाहून अधिक लाकूड भुशात जाते, ५० मि.मी. जाडीस हे प्रमाण सुमारे १५ टक्के राहते. म्हणून जाड फळ्या व तुळयांसाठीच ते योग्य होय.

चिरलेल्या फळ्या सावलीत, जमिनीपासून उंच, मध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचाव्यात व टोकांना रंग लावावा. अन्यथा त्या तडकतात. चिरण्यापूर्वी ओंडक्यात खिळे वा तार नाही याची खात्री करावी. शिरस्त्राण, चष्मा, कानांचे संरक्षण व जाड पादत्राणे यांवाचून काम सुरू करू नये.

ज्या सुलभतेने पडलेले झाड वाचते, त्याच सुलभतेने उभे झाडही चोरून चिरता येते. राज्यात वृक्षतोडीवर १९६४ च्या अधिनियमाचे नियंत्रण आहे. लाकूड चिरणे व वाहून नेणे यांबाबतही नियम आहेत. यास्तव ग्रामपंचायतीने पडलेल्या झाडांची नोंद करून वनाधिकाऱ्यांची अनुमती आधी घ्यावी. मग त्याच झाडातून गावच्या शाळेचे बाक उभे राहू शकतील.