समुद्राची विद्या

दर्यावर जाणाऱ्या कोळ्याला पाणी कळते. वारा आणि पाण्याचा रंग पाहून तो मासळीचा माग काढतो. हे ज्ञान बापाकडून मुलाकडे येते. पण समुद्र अफाट आहे. सारे नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

म्हणून समुद्राचीही विद्या शिकतात. गोव्यात दोना पावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. ती १९६६ साली निघाली. तिथले शास्त्रज्ञ समुद्राचे पाणी, गाळ, जीवजंतू तपासतात. गोवा विद्यापीठात हा विषय शिकवतात. आधी विज्ञानाची पदवी घ्यायची, मग दोन वर्षे हे शिकायचे.

याचा उपयोग काय? समुद्रात अगदी बारीक हिरव्या वनस्पती असतात. लहान जीव त्या खातात. त्या जिवांना मासे खातात. या वनस्पती वाढल्या की पाण्याचा रंग बदलतो. आकाशातला उपग्रह तो रंग टिपतो. पाण्याची ऊबही टिपतो. त्यावरून मासळी कुठे मिळेल, याचा अंदाज हैदराबादची एक सरकारी संस्था कळवते. मोठ्या लाटांचा इशाराही ती देते. त्यामुळे तेल वाचते, जीवही वाचतो.

आपले लेकरूही हे शिकू शकते. मुलगा असो की मुलगी, त्याची शाळा मध्येच सोडवू नका.