थ्रॉटल पुढे ढकलला, की वाराही बदलतो

नोव्हेंबर ते मे या मोसमात गोव्याहून शिडाची नौका घेऊन मुंबईला निघालात, तर दुपार कसोटी बघते. पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून येतो, नौका आडव्या वाऱ्यावर मजेत धावते. ऊन चढलं की तो पडतो आणि वायव्येचा खारा वारा सुरू होतो. मुंबईची वाट उत्तर-वायव्येची, म्हणजे वारा जवळजवळ तोंडावरच. दोनशेहून अधिक सागरी मैलांच्या या प्रवासात अशा दुपारी इंजिन चालू करण्यात कमीपणा काहीच नाही. शीडही वर, इंजिनही चालू, याला मोटर-सेलिंग म्हणतात. पण वाऱ्याविरुद्ध हे करताना शिडाचं काय करायचं, याबद्दल जेट्टीवर आणि क्लबात काही समज इतके पक्के बसले आहेत की चांगले हातसुद्धा चुकतात. शिडं फाटतात, डिझेल वाया जातं आणि कधी इंजिनही बसतं.

गैरसमज 1: इंजिन चालू झालं, आता शिडाकडे बघायची गरज नाही.

वस्तुस्थिती: खरी गरज आताच असते. शिडाला खरा वारा कळत नाही, त्याला फक्त जाणवणारा वारा कळतो. वारा पडलेल्या दिवशी मोटारसायकल चालवली तरी तोंडावर वारा येतो, तसंच इथे. खरा वारा आणि आपल्या वेगामुळे समोरून येणारा वारा मिळून जो तयार होतो, तो जाणवणारा वारा.

आकड्यात बघू. खरा वारा 10 नॉटचा आहे आणि नौकेच्या नाकापासून 45 अंशांवरून येतो आहे. नौका 4 नॉटने चालली असेल, तर जाणवणारा वारा साधारण 33 अंशांवरून, 13 नॉटचा असतो. इंजिनाने वेग 6 नॉट केला, की तो 28 अंशांवर सरकतो आणि जवळपास 15 नॉटचा होतो. आभाळातला वारा होता तसाच आहे, पण शिडापुरता तो पुढे सरकला आणि जोरदारही झाला. मघाशी नीट लावलेल्या शिडाची पुढची कड आता थरथरू लागणार. म्हणून इंजिन लावल्यावर शीड आत घ्यायचं आणि सपाट करायचं. हॅलियार्ड ताणायचा, बूमच्या टोकाकडचा आउटहॉल ताणायचा आणि बॅकस्टे ताणता येत असेल तर तोही. पोट असलेलं शीड आडव्या वाऱ्यावर छान ओढतं. इतक्या पुढून येणाऱ्या वाऱ्यात मात्र ते ओढ कमी आणि अडथळा जास्त करतं.

गैरसमज 2: थेट वाऱ्याच्या तोंडात जातानाही शीड मधोमध ताणून ठेवलं की तेवढीच मदत होते.

वस्तुस्थिती: नाक थेट वाऱ्यात असेल तर शिडाच्या दोन्ही बाजूंनी वारा सारखाच वाहतो. ओढ शून्य. उरते ती फडफड, आणि फडफडीने शिवण उसवते, बॅटन तुटतात, कापड म्हातारं होतं. शीड वर ठेवायचं असेल तर त्याला काम करता येईल इतका कोन द्यावाच लागतो. सपाट केलेलं मेनसेल जाणवणारा वारा साधारण 20 अंशांच्या पलीकडे गेल्यावर ओढायला लागतं. त्यासाठी खऱ्या वाऱ्यापासून निदान 30-35 अंश बाजूला पडायला हवं.

"मग अंतर वाढतं त्याचं काय?" हा प्रश्न हमखास येतो. 30 अंश बाजूला पडून दोन्ही टॅकवर चाललं, तर 10 मैलांचे साडेअकरा मैल होतात. पण समोरच्या लाटांवर आपटत थेट 4 नॉट मिळत असतील आणि बाजूला पडून साडेपाच मिळाले, तर वाऱ्याच्या दिशेने आपली कमाई पावणेपाच नॉट होते. अंतर वाढूनही आपण लवकर पोचतो.

जयगडच्या दीपगृहाबाहेर एका दुपारी मी हे हट्टाने शिकलो. थेट वाऱ्यात नाक धरून तासभर आपटत होतो. प्रत्येक तिसऱ्या लाटेला नौका जागीच थबकायची आणि वेग 3 नॉटवर यायचा. सोबतच्या जुन्या खलाशाने सुकाणू मागून घेतलं, नाक पश्चिमेकडे पाडलं आणि शीड भरू दिलं. नौका जराशी कलली, आपटणं थांबलं, वेग 5 नॉटच्या वर गेला. इंजिनाचा आवाज तोच होता, थ्रॉटलला कुणी हातही लावला नव्हता.

गैरसमज 3: मेनसेलची शीट जितकी घट्ट, तितकं चांगलं.

वस्तुस्थिती: शीट फार ताणली की बूम खाली ओढली जाते, शिडाची मागची कड बंद होते आणि वरच्या भागातून वारा सुटत नाही. शीड दिसायला ताठ दिसतं, पण काम करत नाही. उलट नौका कलते आणि सुकाणू हाताला ओढ देतं. ओढून धरलेलं सुकाणू म्हणजे पाण्यात लावलेला ब्रेक.

उपाय सोपा आहे. ट्रॅव्हलर मधल्या रेषेच्या जरा वर, वाऱ्याकडच्या बाजूला घ्या आणि शीट थोडी सैल करा. बूम मधोमधच राहते, पण मागची कड वरच्या बाजूला उघडते. आता मान वर करून सगळ्यात वरच्या बॅटनच्या टोकाला बांधलेली लोकरीची फीत बघा. ती सतत शिडाच्या मागे दडत असेल तर कड अजून बंद आहे. थोडा वेळ दडून पुन्हा सरळ मागे उडत असेल तर जमलं. त्या वीतभर फितीइतका खरा सल्ला नौकेवर दुसरा नाही.

गैरसमज 4: पुढचं शीडही उघडं ठेवावं. कापड वाढलं की जोर वाढतो.

वस्तुस्थिती: मोठ्या जेनोआची शीट डोलकाठीच्या बाजूच्या आधारतारांबाहेरून जाते. त्यामुळे ती मेनसेलइतकी आत येऊच शकत नाही. जाणवणारा वारा 25 अंशांच्या आत आला की जेनोआ फडफडते आणि तिच्यावरून वळलेला वारा मेनसेलच्या पुढच्या कडेवर आदळतो. अशा वेळी ती सरळ गुंडाळावी. डेकच्या आतल्या बाजूला शीट लागणारी छोटी जिब असेल तर ती थोडा अधिक वेळ टिकते. ती ओढते की नाही, हे तिच्या फिती सांगतील.

वारा अगदीच कमी आणि लाटांचा झोका जास्त असेल, तर मेनसेलकडून ओढीची अपेक्षा नको, पण डोलणं आवरायला ते उपयोगी पडतं. बूम दोन्ही बाजूंनी दोराने बांधून घ्यावी आणि एक रीफ घ्यावा. एवढं करूनही शीड दणके देत राहिलं तर उतरवलेलंच बरं.

गैरसमज 5: इंजिन लावलंय तर पूर्ण जोरात चालवावं.

वस्तुस्थिती: पाणी कापत जाणाऱ्या नौकेला लागणारी ताकद साधारण वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. 5 नॉटवरून 6 नॉटवर जायला जवळपास पावणेदोन पट ताकद लागते. शेवटचा नॉट सगळ्यात महाग. शिडाने अर्धा-पाऊण नॉट दिला की इंजिनाचे फेरे तेवढे उतरवावेत, बचत तिथेच आहे. पण डिझेल इंजिन तासन् तास बिनओझ्याचं, नुसत्या आयडलवर चालवू नये. आत काजळी धरते.

गैरसमज 6: नौका कितीही कलली तरी इंजिनाला काही होत नाही.

वस्तुस्थिती: इंजिनाच्या तळातलं तेल आणि समुद्राचं पाणी आत घेणारं तोंड, दोन्हींना कलण्याची मर्यादा असते. नौका फार कलली की तेलाचा पंप हवा ओढू शकतो. पाण्याचं तोंड पाण्याबाहेर आलं तर पंपातला रबरी इंपेलर थोड्याच वेळात जळतो. आपल्या इंजिनाच्या पुस्तिकेत सतत किती अंश कल चालतो ते वाचून ठेवा. त्याहून जास्त कललं तर रीफ घ्या. एक्झॉस्टमधून पाणी पडतंय ना, ते दर थोड्या वेळाने वाकून बघा. आणि चावी फिरवण्याआधी सगळे दोर नौकेवर आहेत ना, हेही बघा. पाण्यात लोंबणारी शीट पंख्यात गुंडाळली, तर नको त्या क्षणी इंजिन आणि शीड दोन्ही हातचं जातं.

गैरसमज 7: शीड वर आहे, म्हणजे वाट आपली.

वस्तुस्थिती: 1972 च्या आंतरराष्ट्रीय सागरी टक्कर-प्रतिबंधक नियमांनुसार इंजिनाचा वापर सुरू झाला, की शीड कितीही मोठं असो, नौका यांत्रिक ठरते. दिवसा तिने पुढच्या बाजूला, टोक खाली असलेला काळा शंकू लावायचा. रात्री डोलकाठीच्या माथ्यावरचा तिरंगी दिवा बंद करून यांत्रिक नौकेचे दिवे लावायचे. उजवीकडून आडव्या येणाऱ्या यांत्रिक नौकेला वाट द्यायची. आणि जाळं टाकून मासेमारी करणाऱ्या नौकेला तर नुसत्या शिडावर असतानाही वाट द्यायचीच. कोकण किनाऱ्यावर हा नियम रोज लागतो. जाळ्यामागे कुणाची तरी रात्रभराची मेहनत असते, आणि ते आपल्या पंख्यात आलं तर नुकसान दोघांचंही होतं.

या सगळ्यातून हाताला एकच सवय लावा. थ्रॉटल पुढे केला किंवा मागे घेतला, की लगेच मान वर करून शीड बघायचं, कारण आपण नुकताच त्याचा वारा बदललेला असतो. दिवस कलला, वारा थोडा उत्तरेकडे किंवा पश्चिमेकडे सरकला आणि फिती दोन्ही बाजूंना सरळ उडू लागल्या, तर त्याच सवयीने थ्रॉटल मागे घेऊन बघा. वेग अर्ध्या नॉटनेच उतरला, तर चावी बंद करायची वेळ झाली आहे.