‘सामंत’ आणि ‘सरंजामदार’ : अर्थ व व्युत्पत्ती



पुण्याची रास्ता पेठ, सदाशिव पेठेतील विंचूरकर वाडा, वानवडीची शिंदे छत्री ही नावे तुमच्या परिचयाची असतील. रास्ते, विंचूरकर, शिंदे ही पेशवाईतील सरदार घराणी होत. त्यांना कोणी ‘सामंत’ म्हणतात, कोणी ‘सरंजामदार’. हे शब्द समानार्थी वाटले, तरी वरिष्ठ सत्तेशी असलेले दोन भिन्न संबंध ते सुचवतात. हा भेद लक्षात न घेतल्यास ऐतिहासिक कागदपत्रांचा अर्थ लावताना चूक होऊ शकते.

अ) सामंत

हा शब्द संस्कृत आहे. ‘समंत’ म्हणजे सभोवतालची सीमा. त्यावरून ‘सामंत’ म्हणजे सीमेलगतचा, शेजारी. गावांच्या सीमेचा वाद शेजाऱ्यांच्या साक्षीने मिटवावा, असे मनुस्मृती सांगते. तेथे ‘सामंत’ याच अर्थाने येतो. कौटिलीय अर्थशास्त्रातही सामंत म्हणजे शेजारचा राजा. पुढे प्रबळ राजाने शेजाऱ्याला नमवावे, मात्र त्याचे राज्य त्याच्याकडेच ठेवून खंडणी व सैन्यसाहाय्य घ्यावे, अशी रीत रूढ झाली आणि ‘शेजारी’ शब्दाला ‘मांडलिक’ हा अर्थ आला. सातव्या शतकातील बाणभट्टाच्या ‘हर्षचरिता’त हा अर्थ स्थिरावलेला दिसतो. राष्ट्रकूटांचे मांडलिक असलेले कोकणातील शिलाहार हे आपल्याकडील उदाहरण होय.

ग्राम > गाव, नाम > नाव या ध्वनिपरिवर्तनाप्रमाणेच ‘सामंत’चे ‘सावंत’ झाले. आज ही दोन्ही रूपे आडनावांत टिकून आहेत.

आ) सरंजामदार

‘सरंजाम’ हा फारसी शब्द. अर्थ पूर्तता, तयारी, साधनसामग्री. ‘पूजेचा सरंजाम’ म्हणताना आपण हाच मूळ अर्थ वापरतो. पेशवाईत सैन्य बाळगण्याच्या खर्चासाठी ज्या मुलखाचा महसूल लावून दिला जाई, त्यास सरंजाम म्हणत. तो धारण करणारा सरंजामदार. म्हणजे या शब्दात जमिनीची मालकी नाही, चाकरीची तरतूद आहे. इनाम सामान्यतः वंशपरंपरेने चाले. सरंजाम मात्र तत्त्वतः चाकरीपुरता असे.

व्यवहारात सरंजामही पित्याकडून पुत्राकडे जाऊ लागले आणि शिंदे, होळकर यांसारखी घराणी जवळजवळ स्वतंत्र राज्यकर्ती बनली. १७८२ च्या सालबाईच्या तहात इंग्रज आणि पेशवे यांच्यात मध्यस्थी करणारे महादजी शिंदे हे पेशव्यांचेच सरदार होते. १७९४ मध्ये वानवडी येथे निधन होईपर्यंत ते स्वतःस ‘पाटील’ म्हणवीत राहिले. नाव सेवकाचे, सत्ता मात्र राज्यकर्त्याची, हा विरोधाभास येथे स्पष्ट होतो.

इ) दोहोंतील भेद

सामंताजवळ आधी भूमी असते, अधीनता नंतर येते. सरंजामदाराकडे आधी चाकरी येते, मुलूख तिच्यापोटी मिळतो. चाकरीसाठी दिलेला महसूल जन्मसिद्ध हक्क मानला जाऊ लागला, तरी त्याचा भार रयतेवरच राहिला. आज ‘सरंजामी वृत्ती’ हा शब्दप्रयोग आपण दूषणार्थी करतो, त्यामागे हा इतिहास आहे. म्हणून कोणताही उतारा वाचताना स्वतःला विचारा : या व्यक्तीचा मुलूख तिचा स्वतःचा होता, की तिला लावून दिलेला होता?

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘सामंत’ शब्दाच्या अर्थात कोणते परिवर्तन झाले?
२. इनाम व सरंजाम यांतील फरक स्पष्ट करा.
३. तुमच्या परिसरातील एखाद्या जुन्या घराण्यास यांपैकी कोणती संज्ञा लागू पडेल? सकारण लिहा.