कौलांवरचा काळेपणा

पावसाळा सरला की आपल्या गोव्यातली कौलारू छपरे काळवंडलेली दिसतात. आमच्या शाळेची जुनी इमारतही त्याला अपवाद नाही. काजळी बसली, असे आपण सहज म्हणतो. पण ती काजळी नव्हे आणि धूळही नव्हे. ते नीलहरित शैवाल आहे. नाव शैवाल असले तरी हे खरे म्हणजे सूक्ष्म जिवाणू. कडक उन्हापासून बचाव व्हावा म्हणून ते स्वतःभोवती गडद रंगाचे आवरण तयार करतात, त्यामुळे छप्पर काळे दिसते.

बासेल मिशनने १८६५ साली मंगळुरात कारखाना काढला, तेव्हापासून ही कौले आपल्या किनारपट्टीवर आली. भाजलेली माती सच्छिद्र, पाणी शोषून घेणारी. आंब्या-फणसाच्या सावलीतली बाजू तर दिवसदिवस ओली राहते. तिथे काळेपणा जास्त.

हे ध्यानात न घेता आम्ही एकदा पडवीची कौले तारेच्या ब्रशने खरवडली. काही दिवस छान लाल दिसली! पण भट्टीत तयार झालेली वरची गुळगुळीत पापडी निघून गेली आणि दुसऱ्याच पावसाळ्यात ती शेजारच्या न घासलेल्या कौलांहून अधिक काळी झाली. जोराच्या फवाऱ्यानेही असेच नुकसान होते, शिवाय पाणी कौलांखाली शिरते.

शैवाल खरवडायचे नसते, मारायचे असते. प्लॅस्टिकच्या बादलीत दहा लिटर पाण्याला अर्धा किलो ब्लीचिंग पावडर कालवावी, गाळ खाली बसू द्यावा आणि वरची निवळ तेवढी मऊ ब्रशने लावावी. पंधरा-वीस मिनिटांनी साध्या पाण्याने धुवावे. थोडा डाग उरला तर राहू द्यावा, मेलेले शैवाल पुढच्या पावसात आपोआप निघते. हातमोजे आणि चष्मा हवाच. फरशी धुण्याचे ॲसिड यात चुकूनही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. धुवण विहिरीत वा तुळशीच्या मुळाशी जाता कामा नये.

आता महत्त्वाचे. पालकहो, नुसत्या काळ्या डागाने छप्पर गळत नाही. त्याच्यापायी ओल्या, निसरड्या छपरावर कुणालाही, विशेषतः मुलांना, चढवू नका. (शेवाळाच्या जाड गाद्या ही गोष्ट वेगळी; त्या पाणी अडवतात, म्हणून काढाव्याच लागतात.) मे महिन्यात कौले परतायला माणसे येतातच. तेव्हा उतरवलेली कौले अंगणातच धुऊन घ्यावीत, हे सर्वांत सोपे. झुकलेल्या फांद्याही त्याच वेळी छाटाव्यात.

आमचे काही माजी विद्यार्थी अमेरिकेत आहेत. तिथल्या डांबरी चकत्यांच्या छपरांवरही असेच काळे ओघळ येतात. त्यावर उपाय म्हणून आढ्यालगत तांब्याची वा जस्ताची पट्टी बसवतात. पावसाच्या पाण्याबरोबर धातूचा सूक्ष्म अंश उतारावरून खाली येतो आणि शैवाल वाढू देत नाही. येत्या मे महिन्यात पडवीच्या निम्म्या लांबीवर आम्ही तांब्याची पट्टी बसवणार आहोत, उरलेली निम्मी तशीच ठेवू. आठवीच्या मुलांनी पावसाळाभर दर पंधरवड्याला दोन्ही भागांची नोंद खाली अंगणात उभे राहूनच करायची आहे.