विक्री की भाडे?

आमचा धंदा धान्याचा. पोती ग्राहकाच्या गाडीत चढली की आमची मालकी संपली. मग त्याने माल खावा, विकावा वा लेकीच्या घरी धाडावा. संगणकावर उतरवून घेतलेल्या गाण्याचे तसे नाही.

२००३ साली ॲपल कंपनीने अमेरिकेत एक गाणे ९९ सेंटला विकावयास आरंभ केला. त्यातील सुमारे दोन तृतीयांश रक्कम ध्वनिमुद्रण कंपन्यांकडे जाई. पुढच्या प्रतीस ना बारदान, ना हमाली, ना तूट. तरीही हा भाव आम्हांस अवाजवी वाटत नाही. गायक-वादकांचे श्रम पहिल्या प्रतीतच खर्ची पडलेले असतात. आमचा आक्षेप भावास नसून मापास आहे. घेतलेले गाणे संगणकावरून दुसऱ्यास विकण्याचा व्यवहार न्यूयॉर्कच्या न्यायालयाने २०१३ साली बेकायदा ठरविला. २०१८ साली वरिष्ठ न्यायालयाने तो निकाल कायम केला. आमच्या नातवाने पुरते दाम मोजून घेतलेला एक चित्रपट तर विक्रेत्याने परवाना संपल्याचे सांगून एके दिवशी काढून घेतला! कॅलिफोर्नियात २०२५ पासून, केवळ परवाना देत आहोत हे स्पष्ट न सांगता, अशा व्यवहारास 'खरेदी' म्हणता येत नाही.

अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे येते, तसे खोटे मापही येते. फुकट उतरविणारा पहिल्यात सापडतो. भाड्याचा माल विक्री म्हणून देणारा दुसऱ्यात.

नातू म्हणतो, यापुढे फुकटच उतरवू. त्यास आम्ही मनाई केली आहे. मात्र, "आजोबा, माझ्या पैशांचे काय?" या त्याच्या प्रश्नास आम्हांपाशी उत्तर नाही.