कळलावी : पावसाबरोबर जागणारी अग्निशिखा

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव परिसरात सातपुड्याचे उघडेबोडके उतार पाहता पाहता हिरवे होऊ लागतात. अक्राणी तालुक्याचे हे मुख्यालय. उत्तरेला नर्मदा, पूर्वेला तोरणमाळचे पठार आणि चहूबाजूंनी डोंगररांगा. उन्हाळ्यात ज्या उतारांवर गवताची काडीही दिसत नाही, तेथेच श्रावण-भाद्रपदात झुडपांच्या आधाराने एक नाजूक वेल वर चढते आणि तिच्या शेंड्यांवर लाल-पिवळ्या ज्वाळा पेटल्यासारखी फुले उमलतात. हीच कळलावी. संस्कृतात तिला अग्निशिखा, लांगली, कलिहारी अशी नावे आहेत. वनस्पतिशास्त्र तिला ‘ग्लोरिओसा सुपर्बा’ म्हणून ओळखते.

शहरातील पुष्पप्रेमींना हीच वेल बहुधा वेगळ्या रूपात भेटते. रोपवाटिकांमध्ये ‘ग्लोरी लिली’ किंवा ‘फ्लेम लिली’ या नावाने तिचे कंद विकले जातात आणि ‘आफ्रिकेतील शोभेची वेल’ अशी तिची ओळख करून दिली जाते. ही ओळख खोटी नाही. मात्र ती अपुरी आहे. ही वनस्पती आफ्रिका आणि आशिया अशा दोन्ही खंडांत निसर्गतः वाढते. लालभडक, मोठ्या फुलांचे आणि सोनेरी कडा असलेले जे वाण युरोपातील काचघरांतून जगभर गेले, त्यांतील सर्वांत प्रसिद्ध असा ‘रॉथशिल्डियाना’ मूळचा युगांडाकडचा. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याचे वर्णन स्वतंत्र जात म्हणून करण्यात आले होते; आता शास्त्रज्ञ त्याचा समावेश ‘सुपर्बा’मध्येच करतात. म्हणजे बाल्कनीतील आफ्रिकी पाहुणी आणि धडगावच्या डोंगरातील रानवेल या एकाच कुळातील सख्ख्या बहिणी होत.

झिम्बाब्वेचे हे राष्ट्रीय फूल आहे. १९४७ साली राजकन्या एलिझाबेथ दक्षिण ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिम्बाब्वेच्या, भेटीवर गेल्या असता तेथील शाळकरी मुलांच्या वतीने त्यांना याच फुलाच्या आकाराचे हिरेजडित पदक भेट देण्यात आले. आपल्याकडे तमिळनाडूने या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला असून तमिळ भाषेत त्याला ‘सेंगांदळ’ म्हणतात.

महाराष्ट्रात मात्र या फुलाच्या वाट्याला मान आणि बदनामी दोन्ही आले. कोकणात काही भागांत तिला ‘गौरीचे हात’ म्हणतात. दुसरीकडे, हे फूल घरात आणले तर भांडणे लागतात, अशीही समजूत आहे. भांडण लावून देणाऱ्याला आपण ‘कळलाव्या’ म्हणतो, त्यामुळे वेलीच्या नावाचा अर्थही तसाच लावला गेला. वास्तविक या नावातील ‘कळ’ ही प्रसूतीची कळ होय. पूर्वी अडलेल्या बाळंतिणीला कळा याव्यात म्हणून या कंदाचा बाह्य उपचार केला जात असे आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगितले जाते. आयुर्वेदात लांगलीची गणना उपविषांमध्ये केलेली आहे. तेव्हा या वेलीशी मैत्री करायची, तर तिच्या दोन्ही बाजू समजून घेणे आवश्यक ठरते.

वेलीची दिनदर्शिका

कळलावीच्या लागवडीत होणाऱ्या बहुतेक चुका एकाच अज्ञानातून होतात. ही वेल बारमाही नाही, हे लक्षात घेतले जात नाही. तिचे सारे जीवन जमिनीतील कंदात साठवलेले असते. पाऊस आला की कंद जागा होतो, कोंब वर येतो, दोन-अडीच महिन्यांत वेल फुलते, शेंगा धरतात आणि पाऊस संपून जमीन कोरडी पडू लागली की पाने पिवळी होऊन सारा वेल वाळून जातो. तोपर्यंत जमिनीखाली जुना कंद आक्रसून त्याच्या जागी नवा कंद तयार झालेला असतो. पुढील पावसापर्यंत तो निद्रिस्त राहतो. सातपुड्यात ही वेल ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये फुलते. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील झिम्बाब्वेत पावसाळा डिसेंबर-जानेवारीत असल्याने तेथे ती त्या दिवसांत फुलते. महिने निराळे असले तरी नियम एकच. पावसाचे चार महिने जागायचे आणि उरलेले कोरड्या मातीत झोपायचे.

शहरातील गच्चीत नेमका हाच नियम मोडला जातो. वेल वाळली की कुणी ती मेली असे समजून कुंडीच रिकामी करतो. कुणी ती पुन्हा हिरवी व्हावी म्हणून हिवाळाभर पाणी घालत राहतो. पहिल्या प्रकारात जिवंत कंद कचऱ्यात जातो, दुसऱ्या प्रकारात तो कुंडीतच कुजतो. धडगावच्या उतारावर या दिवसांत तिला कोणीही पाणी घालत नाही आणि म्हणूनच ती पुढच्या वर्षी पुन्हा उगवते.

लागवड आणि निगा

कंद मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी लावावा. तो बोटासारखा लांबट आणि बहुधा इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे दुबेळका असतो. दोन्ही टोकांना एकेक डोळा असतो आणि कोंब तेथूनच फुटतो. हे टोक मोडले तर तो भाग पुन्हा फुटत नाही; म्हणून कंद हाताळताना टोकांना धक्का लागू देऊ नये. बेळक्यापाशी अलगद तोडून दोन रोपे करता येतात, मात्र प्रत्येक तुकड्याला शाबूत डोळा हवा. ५० ते ६० ग्रॅम वजनाचा भरीव कंद चांगला. सुरकुतलेला किंवा मऊ पडलेला कंद घेऊ नये.

कुंडी किमान १२ इंच खोल असावी आणि तिच्या तळाची छिद्रे मोकळी असावीत. दोन भाग पोयटा माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत हे मिश्रण पुरेसे होते. कंद आडवा ठेवून त्यावर दोन-तीन इंच माती घालावी. एकदा पाणी देऊन कोंब दिसेपर्यंत माती केवळ ओलसर राहील एवढेच पाहावे. कोंब यायला दोन-तीन आठवडे, क्वचित अधिक काळही लागतो. या काळात कुतूहलापोटी माती उकरून पाहणे टाळावे.

कळलावीचे खरे वैशिष्ट्य तिच्या पानांत आहे. पानाचे टोक लांब होऊन तारेच्या स्प्रिंगसारखे वळते आणि त्यानेच ती आधार पकडते. ही पकड नाजूक असल्याने जाड खांबावर किंवा गुळगुळीत पाइपावर ती चढू शकत नाही. सुतळी, बारीक तार, बांबूच्या कामट्या किंवा जाळी असा आधार कोंब वीतभर होण्यापूर्वीच उभा करावा. रानात ती ज्या झुडपांवर चढते, त्यांच्या काटक्याही अशाच बारीक असतात. वेल साधारणपणे सहा ते दहा फूट वाढते. मुळाशी थोडी सावली आणि शेंड्याला किमान चार-पाच तास ऊन, ही स्थिती तिला सर्वाधिक मानवते. पावसाने उघडीप दिली तर माती सुकू देऊ नये, परंतु कुंडीत पाणी साचताही कामा नये. दर दोन-तीन आठवड्यांनी पातळ केलेले सेंद्रिय खत पुरते. नत्राचा मारा केला की पाने माजतात आणि फुले रुसतात.

काळ्या अंगावर लाल-पांढरे ठिपके असलेली एक अळी या वेलीची हमखास पाहुणी असते. ‘पॉलिटेला ग्लोरिओसी’ या पतंगाची ही अळी दोन दिवसांत पाने फस्त करते. ती सकाळी हाताने वेचून काढणे हा सर्वांत सोपा उपाय. पावसाळ्यात कोवळ्या कोंबांना गोगलगायींपासूनही जपावे लागते.

फूल उमलताना हिरवट असते, मग पिवळे होते आणि शेवटी लाल. त्यामुळे एकाच वेलीवर तिन्ही रंग दिसतात. सहाही पाकळ्या मागे वळून उभ्या राहतात, पुंकेसर चक्राच्या आऱ्यांसारखे पसरतात आणि परागवाहिनी काटकोनात वळून बाजूला जाते. स्वतःचे पराग स्वतःच्या मुखावर पडू नयेत, अशीच जणू ही रचना. फुलपाखरे ये-जा करीत नसतील अशा उंच मजल्यावर त्यामुळे शेंगा क्वचितच धरतात. तमिळनाडूत या पिकाची व्यापारी शेती करणारे शेतकरी सकाळच्या वेळी फुलाफुलाला हाताने परागीकरण करतात. त्यांचे उत्पन्न फुलांत नसून बियांत असते.

औषधही आणि विषही

या बियांना मोल येते ते ‘कोल्चिसीन’ या अल्कलॉइडमुळे. गाऊट या सांध्यांच्या वेदनादायक विकारावर ते आजही वापरले जाते. पेशींचे विभाजन रोखणे हे त्याचे कार्य. याच गुणामुळे वनस्पतींच्या पेशींतील गुणसूत्रांची संख्या दुप्पट करता येते, हे १९३७ मध्ये सिद्ध झाले आणि पुढे बियाविरहित कलिंगडाच्या निर्मितीतही कोल्चिसीनचा उपयोग झाला.

मात्र जे द्रव्य पेशींचे विभाजन रोखते, ते माणसाच्या शरीरात नको तेवढे गेले तर आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे अशा सतत नव्या पेशी निर्माण करणाऱ्या ठिकाणी प्रथम आघात करते. कळलावीचा प्रत्येक भाग विषारी आहे आणि कंद विशेषच. रताळे किंवा रानकंद समजून तो खाल्ल्याने प्राण गेल्याच्या घटना भारतात आणि श्रीलंकेत नोंदल्या गेल्या आहेत. काही तासांत तोंडाची आग, उलट्या आणि तीव्र जुलाब सुरू होतात. नंतर मूत्रपिंड, रक्त, हृदय यांवर परिणाम होऊ शकतो. यावर सर्रास उपलब्ध असा नेमका उतारा नाही. म्हणून घरगुती उपायांत वेळ न दवडता, शक्य झाल्यास वनस्पतीचा तुकडा बरोबर घेऊन, रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. सुरुवातीच्या उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला, असे मानू नये.

नावांचा घोळ हा आणखी एक धोका. कळलावीला काही ठिकाणी ‘खड्यानाग’ म्हणतात, तर कुठे ‘बचनाग’ही. खरा बचनाग ही हिमालयातील पूर्णतः वेगळी वनस्पती आहे आणि तीही अतिविषारीच. केवळ नावावर विसंबून या वनस्पतींचा औषधी प्रयोग करणे जिवावर बेतू शकते.

घरात लहान मूल, कुत्रा किंवा मांजर असेल तर ही वेल त्यांच्या आवाक्याबाहेर हवी. ते शक्य नसेल तर ती लावूच नये. कंद हाताळताना हातमोजे घालावेत. हिवाळ्यात कंद काढून ठेवायचा असल्यास तो कोरड्या वाळूत, नाव आणि ‘विषारी’ अशी चिठ्ठी लावलेल्या डब्यात, स्वयंपाकघरापासून दूर ठेवावा. हळद, आले, रताळी किंवा सुरण असलेल्या कुंडीत वा वाफ्यात कळलावी लावणे कटाक्षाने टाळावे.

रानातले रानात

सातपुड्यात किंवा सह्याद्रीत भटकणाऱ्या हौशी मंडळींना फुललेली वेल पाहून कंद उपटण्याचा मोह होतो. त्याचा उपयोग सहसा होत नाही. फुलोऱ्याच्या दिवसांत जुना कंद संपत आलेला आणि नवा पुरता भरलेला नसतो. नेमक्या याच वेळी उपटलेली वेल घरी पोहोचेपर्यंत मान टाकते. उताराचे नुकसान मात्र मोठे होते. एक कंद गेला की त्या जागची वेल संपते. बी रुजायला सहा ते नऊ महिने जातात आणि बियांपासून उगवलेल्या रोपाला फुलायला तीन-चार वर्षे लागतात. घराला शोभा हवी असेल तर रोपवाटिकेत वाढवलेले कंदच घ्यावेत. डोंगरातील फूल डोंगरातच पाहावे.

एकदा लावलेला कंद नीट जपला तर दरवर्षी नवे कंद देतो आणि तीन-चार वर्षांत मित्रमंडळींना वाटण्याइतके कंद जमतात. वाटताना त्यांच्या विषाची माहितीही सोबत द्यावी. दिवाळीनंतर पाने पिवळी पडू लागली की पाणी कमी करावे, वेल पूर्ण वाळल्यावर बंदच करावे आणि कुंडी पावसाच्या किंवा नळाच्या थेंबापासून दूर, कोरड्या कोपऱ्यात आडवी करून ठेवावी. मेअखेरीस तिची माती बदलायची आणि पहिल्या सरीची वाट पाहायची. मधल्या काळात त्या कुंडीसाठी काहीही न करणे हीच तिची निगा.